दुकान आबांचं, जागा कुणाची? एका किराणा दुकानाचं प्रकरण

हे प्रकरण कुठलं

दक्षिण महाराष्ट्रातलं एक तालुक्याचं गाव. बाजारपेठेच्या तोंडाशी, जुन्या वाड्याच्या पुढच्या सोप्यात, एक किराणा दुकान आहे. फळीवर रंगवलेली पाटी सांगायची: ‘स्थापना 1936, याच जागेत’. या पाटीतला अर्धा भाग खरा आणि अर्धा खोटा निघाला. तो कुठला, हे शोधताना सव्वा वर्ष गेलं, एक नोटीस वाया गेली आणि बऱ्याच जणांची झोपही.

गावाचं आणि दोन्ही घराण्यांचं नाव इथे नाही. ओळख पटेल असे काही तपशील गाळले आहेत. दोन्ही घरांनी लिहायला ना म्हटलं नाही. व्यवहाराची रक्कम तेवढी छापू नका म्हणाले, म्हणून ती नाही. मी निवृत्त शिक्षक. मला मोडी वाचता येते, एवढ्याच कारणानं या भानगडीत ओढला गेलो. तेव्हा हे लिखाण तटस्थ आहे असा माझा दावा नाही.

पार्श्वभूमी

दुकान सुरू केलं आबांनी. त्यांच्यानंतर मुलगा, म्हणजे अण्णा. आता दोन नातू चालवतात. थोरले गल्ल्यावर बसतात, गिऱ्हाइकाशी बोलतात. धाकटा माल, हिशेब, जीएसटी आणि मोबाइलवरच्या याद्या बघतो. दोघांचं जमतं, पण जमतं ते थोरल्यांनी ठरवायचं आणि धाकट्यानं निस्तरायचं, अशा पद्धतीनं.

घरात एक गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जायची. वाडा एका ब्राह्मण कुटुंबाचा. 30 जानेवारी 1948 ला गांधीजींची हत्या झाली आणि त्यानंतरच्या दिवसांत या भागात ब्राह्मणांची घरं जाळली गेली. हा वाडाही पेटला. माडी आणि मागचा चौक गेला, पुढचा सोपा वाचला. त्या रात्री आबांनी मालकांच्या घरच्यांना दुकानात घेऊन दार लावलं, पोत्यांमागे लपवलं. मालक पुण्याला गेले ते जागा आबांच्या नावे करून गेले. त्याचा मोडीतला कागद ट्रंकेत आहे. ही ती गोष्ट.

कागद खरोखरच ट्रंकेत होता. कुणी वाचलेला नव्हता, कारण वाचता येणारं कुणी राहिलं नव्हतं. दसऱ्याला ट्रंकेला हळदकुंकू वाहायचं आणि परत माळ्यावर टाकायची.

प्रश्न उभा राहिला तो कर्जापायी

ऑक्टोबर 2021. धाकट्याच्या मनात दुकानाचा कायापालट करायचा होता: गिऱ्हाईक आत येऊन हातानं माल उचलेल अशी मांडणी, फ्रीजर, बारकोडचं मशीन. बँकेनं तारण मागितलं. यांनी घरपट्टीचा उतारा दिला. गाव ग्रामपंचायतीत होतं तेव्हाचा नमुना 8 आणि आता नगरपंचायतीच्या पावत्या. सगळीकडे अण्णांचं नाव.

बँकेच्या वकिलानं कागद परत केले. घरपट्टीच्या उताऱ्यावर मालक आणि भोगवटादार असे दोन वेगळे रकाने असतात, आणि अण्णांचं नाव दुसऱ्या रकान्यात होतं. चाळीस वर्षं पावत्या फाइलला लावल्या, रकान्याचं डोकं कुणी वाचलं नव्हतं. यात या घराला हसण्यासारखं काही नाही. आपल्याकडे घरपट्टी भरतो तो मालक, अशीच समजूत आहे. पट्टी जागेवर बसते आणि वापरणाऱ्याकडून वसूल होते. त्यानं मालकी ठरत नाही. मिळकत पत्रिकेवरची (प्रॉपर्टी कार्डावरची) नोंदसुद्धा मालकीचा अखेरचा पुरावा नसते, पण निदान सुरुवात तिथून करायची असते.

मिळकत पत्रिका काढली. धारक म्हणून नाव होतं वाड्याच्या मालकांच्या थोरल्या मुलाचं, आणि नावापुढे तीन अक्षरं: ए.कु.मॅ.

त्याच महिन्यात कळलं की तालुक्यातला एक बिल्डर पुण्यात मालकांच्या वारसांना भेटून आलाय. मागची पडीक जागा आणि पुढचा सोपा, सगळं मिळून त्याला हवं होतं.

पहिली चूक

थोरल्यांनी कागद वाचून घेण्याआधी वकील गाठला आणि नोटिशीचा मसुदा करून घेतला. आशय असा: जागा आमच्या आजोबांना 1948 साली कायमची दिलेली आहे, तसा लेख आमच्याकडे आहे, सत्तरहून अधिक वर्षं आमचा निर्वेध ताबा आहे, सबब तुमचा काही संबंध नाही.

धाकट्याला ही नोटीस जाऊ द्यायची नव्हती. पण थोरल्यांना ‘नको’ म्हणायची त्या घरात पद्धत नाही. त्यानं एक युक्ती केली. नोटिशीत लेखाचा हवाला द्यायचा तर त्याचं बाळबोध रूपांतर जोडावं लागेल, असं सांगून वेळ मागून घेतला आणि ट्रंक घेऊन माझ्याकडे आला. हा निर्णयाचा पहिला खरा क्षण. तो सुटला असता तर पुढचं सगळं कोर्टात गेलं असतं.

कागद काय बोलले

फेब्रुवारी 2022 मधली तीन आठवड्यांची दुपार मी त्या ट्रंकेपाशी घालवली. बाजाराचा दिवस वगळून, कारण त्या दिवशी दुकानामागच्या खोलीत माणूस काय, मांजरही मावत नाही. ट्रंकेत तीन प्रकारचा ऐवज होता. लाल कापडात बांधलेल्या चोपड्या. पोस्टाच्या मनीऑर्डरींच्या पोचपावत्या, सुतळीत ओवलेल्या. आणि तो लेख.

आधी लेख उघडला. चार घड्या, घडीवर कागद जीर्ण, शाई तपकिरी पडलेली. अक्षर वळणदार, कुणा सरावलेल्या कारकुनाचं. दुसऱ्याच ओळीत शब्द होता: ‘भाडेचिठी’. मी तीनदा वाचला. मोडीत ऱ्हस्व-दीर्घाचा धरबंध नसतो, शब्द तोडून लिहीत नाहीत, त्यामुळे घाई केली तर भलतंच वाचून जातो. पण इथे शंकेला जागा नव्हती. धाकटा समोर डबा उघडा ठेवून बसला होता. त्याला सांगितलं. त्यानं डब्याचं झाकण लावलं आणि म्हणाला, “सर, सालही बघा.”

साल होतं शके 1863, महिना कार्तिक. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो; म्हणजे 1941. जळिताच्या सहा-सात वर्षं आधीचा हा कागद. वाड्याचा पुढचा सोपा आणि ओटा, महिना सहा रुपये भाडं, परड्यातल्या आडाचं पाणी दोघांनी वापरायचं, बाजूचा बोळ मोकळा ठेवायचा. आणि शेवटी एक कलम, ज्याच्यावर पुढचं सगळं फिरलं: मालकास जागा विकणं झाल्यास आधी भाडेकऱ्यास विचारावं, त्यानं नको म्हटल्यावरच दुसऱ्यास द्यावी.

मग चोपड्या. सगळ्यांत जुनी शके 1858 ची, कार्तिकातली, म्हणजे 1936 अखेरची. पण तिच्यात वाड्याच्या भाड्याचा पत्ताच नाही. उलट बाजाराच्या दिवशीची जागेची पट्टी आणि दुसऱ्या एका गल्लीतल्या खोलीचं भाडं लिहिलेलं. म्हणजे आबांनी धंदा 1936 ला सुरू केला खरा, पण तो बाजारात चवाळं अंथरून. या सोप्यात ते पाच वर्षांनी आले. पाटीवरचं साल बरोबर, ‘याच जागेत’ चूक.

माझ्या मते या प्रकरणाची गाठ इथेच आहे. घरच्यांनी दुकानाचा इतिहास आणि जागेचा इतिहास एकच धरला होता. दोन्ही वेगळ्या वह्यांत लिहिले जातात. दुकानाचा इतिहास दुकानदाराच्या रोजमेळात आणि खतावणीत असतो. जागेचा भूमी अभिलेखाच्या आणि दुय्यम निबंधकाच्या कचेरीत. एका वहीतलं साल दुसरीत चालत नाही.

थोडं विषयांतर करतो, कारण त्या चोपड्या पुन्हा कुणी उघडेल असं वाटत नाही. युद्धाच्या वर्षांत रॉकेलच्या नोंदी आक्रसत जातात; एका बाटलीचे चार वाटे केलेले दिसतात. आधीच्या वह्यांत धान्य मापानं: निळवं, कोळवं, चिपटं, मापटं, शेर, अडशेरी, पायली. 1 एप्रिल 1957 ला नये पैसे आले आणि आबांनी पानावर नवी उभी रेघ मारली, पण वर्षभर शेजारी आणे-पै लिहीत राहिले. सोळा आण्यांचा माणूस शंभर पैशांवर विश्वास ठेवायला तयार नव्हता. 1958 पासूनच्या तीन-चार वर्षांत किलो हळूहळू शेराला ढकलून देतो. 1972 च्या दुष्काळाची वही अण्णांच्या बाळबोध अक्षरात आहे. तिच्यात रोख विक्रीची पानं पातळ आणि उधारीची जाड. ज्वारी जवळपास नाहीच; लोक रेशनवरच्या लाल मिलोवर दिवस काढत होते, दुकानातून नेत होते ते मीठ, मिरची, काडेपेटी आणि चहापूड. बऱ्याच खात्यांवर पुढे तिरकी रेघ मारली आहे, वसूल न होता मिटवल्याची. त्या रेघांबद्दल मात्र घरात एकही गोष्ट सांगितली जात नाही.

परत भाड्याकडे. 1948 नंतर मालक पुण्याला गेले. आबा दर तिमाहीला अठरा रुपयांची मनीऑर्डर करत राहिले. सुतळीत 61 पोचपावत्या निघाल्या, मालकांच्या सहीच्या. शेवटची मनीऑर्डर 1967 ची, घेणारा मयत असल्याच्या शेऱ्यानिशी परत आलेली. त्यानंतर आबांनी खतावणीत एक नवं खातं उघडलं, ‘वाडा भाडे अनामत’, आणि दर तिमाहीला त्यात अठरा रुपये जमा धरले. 1971 ला ते वारले तेव्हा त्या खात्यावर 288 रुपये होते. नवी वही घालताना अण्णांनी ते खातं पुढं ओढलं नाही.

आबांना, म्हणजे, जागा कुणाची हे शेवटच्या दिवसापर्यंत ठाऊक होतं. गोष्ट नंतर तयार झाली.

कचेरीतला कागद

घरातले कागद एक सांगत होते; सरकारी दप्तरही बघायला हवं होतं. मिळकत पत्रिका सगळे काढतात. तिच्यामागची चौकशी नोंदवही सहसा कुणी मागत नाही. नगर भूमापन होताना प्रत्येक जागेची चौकशी होते, कोण मालक, कशावरून, ताबा कुणाचा, हे त्या वहीत येतं. उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्या कचेरीत अर्ज केला, पाच खेपा घातल्या, नक्कल मिळाली.

त्यात अण्णांचा जबाब होता. 1974 सालचा, चार ओळींचा: मी सदर जागेत भाडेकरी आहे, मूळ मालक पुण्यास असतात. खाली अण्णांची सही.

थोरल्यांना ही नक्कल दाखवली तेव्हा ते बराच वेळ सही बघत राहिले. मग म्हणाले, सही अण्णांचीच, पण त्यांना कुणीतरी फसवून घेतली असणार. दोन दिवसांनी नोटिशीचा मसुदा त्यांनी स्वतःच फाडला. वकिलाची फी गेली ती गेली.

मोजणीही करून घेतली. दुकानाचा ओटा सगळा रस्त्याच्या हद्दीत निघाला. साधारण चार फूट. भाडेचिठीत ओट्याचा उल्लेख आहे, म्हणजे 1941 ला तो वाड्याचा होता. मध्ये रस्ता वाढला आणि ओटा न हलता सरकारी झाला. मिठाचं लाकडी खोकं त्या ओट्यावर रात्रंदिवस उघडं असायचं, मीठ कुणी चोरत नाही म्हणून.

पर्याय काय होते

एका जाणत्या दिवाणी वकिलाकडे बसून पाच वाटा तपासल्या. त्यातल्या दोन पाच मिनिटांत निकालात निघाल्या: जागा सोडून हायवेला गाळा घेणं (थोरल्यांनी चर्चाच करू दिली नाही) आणि बिल्डरकडून नव्या इमारतीत गाळा मागणं (शब्दापलीकडे तो काही लिहून द्यायला तयार नव्हता).

ताब्याच्या जोरावर मालकी सांगणं ही थोरल्यांची मूळ कल्पना. बारा वर्षांच्या प्रतिकूल ताब्याबद्दल सगळ्यांनी ऐकलेलं असतं. पण जो भाडेकरी म्हणून आत आला त्याचा ताबा मालकाच्या परवानगीचा असतो, विरोधातला नसतो; आणि भाडेकरी असेपर्यंत मालकाची मालकी नाकारू नये, असं 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 116 सांगत होतं. 61 पोचपावत्या आणि अण्णांचा जबाब असताना हा दावा म्हणजे आपल्याच पायावर धोंडा. शिवाय मालकी नाकारणं हेच भाडेपट्टा संपवायचं कारण ठरू शकतं.

दुसरी वाट, भाडेकरी म्हणून ठाण मांडून बसणं. गावात सगळे हेच सुचवत होते: जुना भाडेकरी आहेस, कोण काढतो तुला! इथे वकिलानं जे सांगितलं ते मलाही नवीन होतं. 1999 चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, जो 31 मार्च 2000 पासून आला, राज्यातल्या प्रत्येक गावाला सरसकट लागू नाही. त्याच्या परिशिष्टांत जी क्षेत्रं आहेत तिथेच तो चालतो. हे गाव परवापरवापर्यंत ग्रामपंचायत होतं. कायदा इथे लागतो की नाही यावरच वाद होऊ शकला असता. लागत नसेल तर 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा, आणि महिन्याच्या भाडेकऱ्याला त्यात पंधरा दिवसांची नोटीस पुरते. भरीस भर, 1967 नंतर भाडं कुणाला दिलेलंच नव्हतं.

तिसरी वाट, विकत घेणं. भाडेचिठीतलं ‘आधी आम्हांस विचारा’ हे कलम कोर्टात किती टिकलं असतं? कागद नोंदणीकृत नाही, करणारे दोघेही हयात नाहीत. वकिलाचं मत: त्याच्यावर दावा उभा करू नका. पण ते घेऊन मालकांच्या घरी जा.

ही वाट निवडली गेली. थोरल्यांच्या मनाविरुद्ध, पण त्यांच्या होकारानं.

1994 चं पत्र

वारसांचा पत्ता शोधताना अण्णांच्या कपाटात एक आंतर्देशीय पत्र सापडलं. मालकांच्या थोरल्या मुलानं 1994 ला लिहिलेलं. आशय इतकाच की आम्ही कुणी आता तिकडे येणार नाही, तुम्हांला पुढची जागा घ्यायची असेल तर कळवा, किमतीचं बसून ठरवू. अण्णांनी उत्तर पाठवलं नव्हतं. धाकट्याला त्यांचं तेव्हाचं बोलणं पुसट आठवत होतं: आपलीच जागा, ती विकत कशाला घ्यायची?

1974 ला भाडेकरी म्हणून सही करणारा माणूस वीस वर्षांत स्वतःच्या घरच्या गोष्टीवर विश्वास ठेवायला लागला होता. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत अभ्यासण्यासारखी जागा हीच वाटते, आणि तिचा माझ्याकडे काही खुलासा नाही. की आबांच्या त्या 288 रुपयांचं तोंड बघायला नको म्हणून पत्र बाजूला ठेवलं? मिटवलेलं खातं पुन्हा उघडणं कुठल्याच दुकानदाराला आवडत नाही.

पुण्यातली भेट

मालकांचा थोरला मुलगा आता हयात नव्हता. त्याच्या मुलांशी बोलणं झालं. ते म्हणाले, आम्ही विकायला तयार आहोत, बिल्डरचा आकडा तुम्ही द्या. धाकटा तयार झाला असता. इथे वकिलानं त्या तीन अक्षरांकडे बोट दाखवलं. ए.कु.मॅ. म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. जुन्या नोंदींत एका कर्त्या पुरुषाचं नाव लागतं, आणि त्याच्यामागे भाऊ असतात, तसंच बहुतेकदा नोंदीत कधीच न आलेल्या बहिणीही. मालक 1967 ला वारले, म्हणजे 1956 चा हिंदू उत्तराधिकार कायदा आल्यानंतर. त्यांची मुलगी वारस होती. बिल्डरच्या कच्च्या करारात तिचं नाव नव्हतं. तिच्या भाच्यांनाही ते सुचलं नव्हतं.

जून 2022 मध्ये धाकटा आणि मी त्या आजींकडे गेलो. वय 82, ऐकायला थोडं कमी, बाकी खणखणीत. धाकट्यानं वाकून नमस्कार केला, भाडेचिठीची रंगीत झेरॉक्स आणि पोचपावत्यांचा जुडगा पुढे ठेवला. आजींनी पावत्या एकेक उलटून बघितल्या. प्रत्येकीवर वडिलांची सही. बारा-पंधरा बघितल्यावर चष्मा काढून ठेवला आणि विचारलं, “आडाला पाणी असतं का रे उन्हाळ्यात?”

बोलता बोलता धाकट्यानं त्या रात्रीचा विषय काढला. आमच्या आबांनी तुम्हांला दुकानात घेतलं होतं म्हणतात, असं काहीसं. आजी म्हणाल्या, “नाही बाळा. आम्ही दारावर थापा मारल्या होत्या. आत दिवा होता. दार उघडलं नाही.” त्या मागच्या परड्यातून आईबरोबर ओढ्याकडे गेल्या होत्या. आठ वर्षांच्या होत्या. सकाळी परत आल्यावर आबांनी गड्याकरवी तांदूळ, गूळ आणि घागरभर पाणी पाठवलं, तेही त्यांनी तेवढ्याच सपाट आवाजात सांगितलं. मग म्हणाल्या, त्यांचंही घर होतं, लेकरं होती. पुढं वीस वर्षं भाडं मात्र एकदा चुकलं नाही.

धाकटा काही बोलला नाही. मीही. थोड्या वेळानं आजींनी भाडेचिठीतलं ते कलम मला पुन्हा वाचायला लावलं आणि म्हणाल्या, वडिलांनी लिहून दिलंय ना, मग आधी यांना.

काय झालं

भाच्यांना ते फारसं रुचलं नाही, पण आत्याच्या सहीशिवाय बिल्डरचाही व्यवहार पुरा होत नव्हता. ठरलं ते असं: पुढचा सोपा भावांनी घ्यायचा. मागची जागा वारसांकडे राहील, ती त्यांनी हवी त्याला विकावी. मागे जायला वाट म्हणून बाजूचा बोळ मोकळा करून द्यायचा, भाडेचिठीत होता तसा. त्या बोळात तीस वर्षांचे खोके, तेलाचे रिकामे डबे आणि एक मोडका वजनकाटा होता. तो रिकामा करायला चार दिवस लागले आणि थोरल्यांचा त्यावरचा राग महिनाभर टिकला.

कागदाचं काम मात्र कंटाळवाणं आणि लांबलचक. सात वारसांच्या नोंदी, जागेची पोटविभागणी, दुय्यम निबंधकाकडे तीस वर्षांचा शोध, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस. एक वारस अमेरिकेत. त्याचं कुलमुखत्यारपत्र तिथल्या भारतीय वकिलातीत करून आणून इथे त्यावर तीन महिन्यांच्या आत मुद्रांक भरावा लागला. जानेवारी 2023 मध्ये खरेदीखत नोंदलं. शासनाचा वार्षिक दर आणि ठरलेली किंमत, यांतल्या जास्त आकड्यावर मुद्रांक शुल्क बसतं हे भावांनी हिशेबात धरलं नव्हतं. ती रक्कम ऐनवेळी घरातलं सोनं ठेवून उभी केली.

कर्ज मिळालं. पण तोवर खिशात उरलं ते बघून फ्रीजर आणि बारकोड एवढंच झालं. गिऱ्हाईक अजून ओट्यापलीकडूनच माल मागतं.

वेगळं काय करता आलं असतं

क्रम उलटा झाला, हे उघड आहे. आधी चौकशी नोंदवही, मग घरातले कागद वाचून घेणं, मग वकील. खर्च शे-दोनशे रुपये आणि काही खेपा. मोडी वाचणारे मिळत नाहीत ही सबब खरी नाही. पुराभिलेख संचालनालयाच्या मोडी वर्गांतून शिकून गेलेले लोक जिल्ह्याजिल्ह्यांत आहेत.

1967 ला मनीऑर्डर परत आली तेव्हा वारसांना एक पत्र टाकून भाडं कुणाला पाठवू विचारलं असतं, तर मधली पंचावन्न वर्षं इतकी अंधारी राहिली नसती. आबांनी पैसे बाजूला काढले, पत्र लिहिलं नाही. आणि 1994 ला उत्तर गेलं असतं, तर किंमत कितीतरी कमी पडली असती, हे सांगायला मोडी यावी लागत नाही.

माझंही एक चुकलं. ट्रंकेचं काम चालू असताना भावांची आई घरात होती. 1948 नंतर बऱ्याच वर्षांनी ती सून म्हणून आली, तिला काय माहीत असणार, असं धरून मी तिला विचारलंच नाही. ऑगस्टमध्ये ती गेली. नंतर शेजारच्या बाईंनी सांगितलं की वाड्याच्या भाड्याचा विषय निघाला की ती उठून आत जायची.

पाटी

दिवाळीच्या आधी पाटी नव्यानं रंगवून घेतली. रंगाऱ्यानं साल विचारलं तेव्हा दोघा भावांत थोडी कुजबुज झाली. आता वर ‘स्थापना 1936’ आणि खाली बारीक अक्षरांत ‘या जागेत 1941 पासून’ असं आहे. भाडेचिठीची चौकट करून लक्ष्मीच्या तसबिरीशेजारी लावली आहे. मोडीत असल्यानं बहुतेकांना ती वाड्याची सनद वाटते.

परवा साखर आणायला गेलो होतो. कुणीतरी नवे बदली होऊन आलेले गृहस्थ त्या चौकटीकडे बघत होते. थोरले त्यांना सांगत होते, 1948 च्या त्या रात्री आमच्या आबांनी दार उघडलं आणि मालकांच्या पोराबाळांना आत घेतलं. धाकटा आतल्या बाजूला माझी साखर मोजत होता. त्यानं काट्याकडे बघत पुडा बांधला, दोऱ्याला गाठ मारली आणि माझ्या हातात दिला. पुण्याची भेट त्यानं घरी कितपत सांगितली, हे मी त्याला अजून विचारलेलं नाही.